गळती

आमच्या घराण्यात गळतीचा वास ओळखण्याची विद्या वंशपरंपरेने चालत आली आहे. कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला ती कोणी शिकवावी लागत नाही. ऐन श्रावणात मध्यरात्री जाग यावी, अंधारातच नाक वर करावे आणि म्हणावे, "माजघरात ठिबकतंय!" की आई पातेले घेऊन उठलीच. पण हीच विद्या मला इंग्लंडात, समुद्राकाठी, चाकांवर उभ्या केलेल्या एका पांढऱ्या पेटाऱ्यात उपयोगी पडेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी लेस्टरला ताईकडे गेलो होतो. ताई तिथे इस्पितळात नर्स. भावोजींनी वीस वर्षे बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर, अजून चक्राची हौस फिटली नव्हती म्हणून की काय, साठवलेल्या पैशांतून एक जुनी कॅरव्हॅन विकत घेतली. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे घर. आत चूल, बिछाने, कपाटे, मोरीसुद्धा! इंग्रज माणसाला या घराचे फार वेड. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून महोगनी लाकडाची एक गाडी बांधून घेतली, तिचे नाव 'वाँडरर' ठेवले आणि घोडे जुंपून ते थेट स्कॉटलंडपर्यंत भटकून आले. पुढे १९०७ साली अशा भटक्यांचा क्लबही निघाला. हे स्टेबल्स पेशाने डॉक्टर, पण मुलांसाठी साहसकथा लिहीत. म्हणजे हे खूळ मुळात एका लेखकाच्या डोक्यातले! हे ऐकून मला उगाचच आनंद झाला.

भावोजी आम्हाला घेऊन व्हिटबीला गेले. टेकडीवर पडक्या मठाच्या कमानी, खाली खवळलेला समुद्र, आणि आम्ही त्या इवल्याशा घरात चहा पीत बसलेलो. रात्री पाऊस लागला. पत्र्यावरच्या त्या ताशाने मला गाढ झोप लागली, आणि पहाटे जाग आली ती त्या वासाने. ओल्या लाकडाचा, कुबट, ओळखीचा वास. मी ताईला हलवले.

"ताई, गळतंय."

"काहीतरीच! भांडी घासायचं फडकं ओलं राहिलं असेल."

मी उशाकडच्या खिडकीखाली बोट दाबले. भिंत भिजलेल्या पापडासारखी आत गेली.

लेस्टरला परतल्यावर भावोजींनी एका कारागिराला बोलावले. त्याच्या हातात दोन सुयांचे एक यंत्र होते. सुया भिंतीला टेकवायच्या की लाकडातली ओल आकड्यात दिसते. पंधरापर्यंत काळजी नाही, विसापुढे दुखणे, तिसाच्या वर गेले की लाकूड कुजू लागले असे समजावे. आमच्या कोपऱ्यात काटा अडतिसावर गेला. वैद्याने नाडी सोडून द्यावी तसा त्याने सुस्कारा टाकला.

मग त्याने मला त्या घराची रचना समजावून सांगितली, आणि ती मला एखाद्या जुन्या दुखण्याच्या कहाणीसारखी वाटली. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये थर्मोकोलसारखा थर आणि आतल्या अंगाला प्लायवुड. जिथे जिथे सांधा असेल तिथे, खिडकीच्या काचेला आपण लांबी लावतो ना, तसला एक चिकट मसाला भरलेला असतो. वर्षानुवर्षे ऊन-थंडी खाऊन तो सुकतो आणि तडकतो. त्यात रस्त्यावरचे हादरे. बाजूला तंबू अडकवण्याची जी पट्टी असते तिच्या एकेका स्क्रूच्या भोकातून पाणी केसाएवढ्या वाटेने आत शिरते आणि आतल्या आत सरकत भलतीकडेच बाहेर येते. भिंतीवर डाग दिसतो तेव्हा पाण्याने आत बिऱ्हाड केल्याला कधी कधी दोन-तीन वर्षे झालेली असतात. आमचे कौलारू घर त्या मानाने किती प्रामाणिक! गळते ते सरळ डोक्यावर.

"विमा आहे ना!" भावोजी म्हणाले.

विमा होता. पण ते चाळीस पानी चोपडे वाचून आमची तोंडे उतरली. वादळाने झाड पडले, फांदीने छताची काच फुटली आणि पाणी आत आले तर भरपाई. आग, चोरी, अपघात यांचीही. मात्र झीज, कूज, ओल आणि सांध्यांतून हळूहळू झिरपलेले पाणी यांची नाही. बहुतेक विमावाले असेच लिहितात, असे कारागीर म्हणाला. कारखानदाराची गळतीबद्दलची हमी काही वर्षांपुरती असते, पण तीही दरसाल तपासणी करून शिक्का घेतला असेल तर. भावोजींनी दोन साल तपासणीचे पैसे वाचवले होते.

हा नियम काही कॅरव्हॅनवाल्यांसाठी नव्याने काढलेला नव्हे. जहाजांच्या विम्याचा इंग्रजी कायदा १९०६ चा; त्यात नेहमीची झीज, नेहमीची गळती आणि उंदरांनी केलेली नासाडी विमावाल्यांच्या माथी मारता येत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे १९६३ साली असाच कायदा झाला त्यातही हे कलम, उंदरांसकट, आहे. उंदरांची आठवण ठेवणाऱ्या त्या कायदेपंडिताबद्दल मला आदर वाटला.

पण भावोजींना वेगळीच युक्ती सुचली. त्याच वर्षीच्या जानेवारीत सगळ्या ब्रिटनभर मोठे वादळ झाले होते. तिकडे वादळांना नावे देतात आणि त्या वादळाचे नाव होते ईशा! माझ्या वर्गात तीन ईशा आहेत.

"मास्तर, तू कादंबऱ्या लिहितोस," भावोजी म्हणाले. "एक पत्र लिही. त्या रात्री वारा कसा घोंगावला, सांधा कसा उखडला. मराठीत लिही, पोर इंग्रजी करील."

मी बसलो. खोटे कशाला बोलू, पत्र छान उतरत होते. अंधार, शीळ घालणारा वारा, कर्रकन तुटलेली पट्टी. कादंबरीचे प्रकरण म्हणून मी ते बेधडक छापले असते. भाची उताऱ्यामागून उतारा इंग्रजीत करीत होती. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मामा, तक्रार लवादाकडे गेली तर ते तीन प्रश्न विचारतात. त्या दिवशी खरंच वादळ होतं का? नुकसान वादळानं होतं तसंच आहे का? आणि मुख्य कारण वादळच होतं का?"

पहिल्याला आमचे उत्तर तयार होते. उरलेल्या दोघांसाठी मी आणखी एक परिच्छेद रचू लागलो.

ताई नुकतीच रात्रपाळीवरून आली होती. चपला न काढताच तिने माझ्या खांद्यावरून कागद वाचला.

"बेडसोअर सहसा एका रात्रीत होत नाही रे," ती म्हणाली. "रोग्याच्या पाठीला जखम दिसली की आम्हाला कोणी विचारत नाही, काल काय झालं. विचारतात, रोज कूस बदललीत का?"

भावोजी काही बोलले नाहीत. उठून अंगणात गेले आणि बराच वेळ त्या कॅरव्हॅनच्या दाराशी उभे राहिले. वीस वर्षांत एकदाही बस उशिरा नेली नाही, असे सांगणारा तो माणूस. त्याची पाठ पाहून मला फार वाईट वाटले. मी पत्र फाडले. नंतर आम्ही चार ओळींचे साधे पत्र धाडले: ओल आढळली, कधीपासून ते माहीत नाही. उत्तर अपेक्षेप्रमाणे नकाराचे आले, पण फार सौजन्याचे. दुरुस्तीचा आकडा ऐकून भावोजींनी स्वतःच पट्टी उसकटली, आणि पावसाळी दिवाळीत त्यांनी मला नव्या लाकडाचा फोटो पाठवला.

मी मात्र जूनच्या आरंभी गावी पोहोचलो तेव्हा वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. कौले परतायला शंकर आला. तो आढ्यावर चढला, माजघरावरच्या वाशात त्याने कोयतीचे टोक खुपसले आणि वरूनच ओरडला, "मास्तर, वासा गेलाय! कधीपासून गळतंय?"

परवाच्या पावसात, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते.

"चार वर्षं झाली," मी म्हणालो, आणि शिडी धरली.