सफरचंदांच्या टेकडीवर

मुलांनो, ऑक्टोबर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? घामाच्या धारा, सहामाही परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीचे वेध! पण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हाच महिना अगदी वेगळं रूप घेऊन येतो. हवा गार होते, सकाळी गवतावर दव पडतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं लाल, पिवळी, केशरी होतात. जणू कुणी डोंगरावर रंगपंचमीच खेळून गेलंय!

हा रंग येतो कुठून? पानांतला पिवळा रंग उन्हाळाभर तिथेच असतो, पण हिरव्या हरितद्रव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाची गंमत आणखी वेगळी. तो पानात साठलेल्या साखरेपासून शरदातच नव्यानं तयार होतो. मेपलची झाडं यात सगळ्यांच्या पुढे.

माझी धाकटी बहीण तिकडे राहते. तिच्याकडे गेले होते, तेव्हा भाचरांनी मला सफरचंदं तोडायला नेलं. बॉस्टन शहरापासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावर बोल्टन, स्टो, हार्वर्ड अशी छोटी छोटी गावं आहेत. (हे हार्वर्ड म्हणजे ते प्रसिद्ध विद्यापीठ नव्हे बरं का! ते केंब्रिज शहरात आहे.) या भागाला नाशोबा खोरं म्हणतात आणि तो सफरचंदांच्या बागांसाठी नावाजलेला आहे. जवळच लेमिन्स्टर गाव आहे. तिथे १७७४ साली जॉन चॅपमन नावाचा माणूस जन्मला. त्यानं पुढे पश्चिमेकडच्या मुलखात ठिकठिकाणी सफरचंदाच्या रोपवाटिका लावल्या. लोक त्याला 'जॉनी ॲपलसीड' म्हणजे 'सफरचंदाच्या बियांचा जॉनी' म्हणू लागले.

बागेच्या दारात पैसे भरले की एक पिशवी मिळते. ती आपण आपल्या हातानं भरायची. पण फळ ओरबाडायचं नाही! अकरा वर्षांच्या भाचीनं मला शिकवलं, "मावशी, फळ तळहातावर घे, वर उचल आणि हळूच पिळ." ज्या आखूड फांदीवर फळ धरतं, तिच्यावरच पुढच्या वर्षीचा कळा असतो. ओढाताण केली, तर ती फांदीच मोडते. म्हणजे एका सफरचंदासाठी पुढचं सफरचंद गेलं!

बाग टेकडीच्या उतारावर होती. खाली सपाट जमीन मोकळी असताना झाडं उतारावर का, असा प्रश्न मला पडला. बागेच्या मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "थंड हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी खाली वाहत जाते आणि खळग्यात साचते. म्हणून झाडं वर लावायची."

मग त्यांनी २०२३ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी १८ मेच्या पहाटे ईशान्य अमेरिकेत अवेळी कडाक्याची थंडी पडली. झाडांवर कुठे फुलं होती, कुठे नुकतीच वाटाण्याएवढी फळं धरली होती. फुलोऱ्याच्या वेळी तापमान शून्याखाली २ अंश गेलं, की फुलं मरायला लागतात. उणे ४ अंशांना तर बहुतेक सगळीच जातात. पाकळ्या वरून छान दिसतात, पण फूल उघडून पाहिलं तर मधला भाग काळा पडलेला असतो. व्हर्माँट, न्यू हॅम्पशर, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स या राज्यांतल्या कितीतरी बागांचं पीक त्या एका रात्रीत गेलं. काही बागांत त्या शरदात सफरचंद औषधालाही उरलं नाही.

"आमच्या खालच्या रांगा गेल्या, वरच्या वाचल्या," त्या म्हणाल्या. "पण वाचलेल्या फळांवरही थंडीचा वण उमटला. तपकिरी खरबरीत पट्टा, अगदी कमरपट्ट्यासारखा! आत फळ गोड, रसाळ. तरी लोक हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे."

हे ऐकून मला कोकणातले आंबेवाले आठवले. मोहोर आल्यावर अवेळी पाऊस पडला, की वर्षभराच्या कष्टांवर पाणी. आणि थोडा डाग पडलेला हापूस असला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. देश वेगळा, फळ वेगळं, दुखणं तेच!

मग त्या पट्टेवाल्या सफरचंदांचं काय झालं? मालकीणबाईंनी त्यांची वेगळी टोपली मांडली आणि पाटी लावली, 'भाजण्या-शिजवण्यासाठी'. किसलेल्या सफरचंदाला कोण विचारतंय, साल कशी होती म्हणून! लोक टोपल्या घेऊन गेले. कुणी मुरंबा केला, कुणी पाय केला, तर पुष्कळांनी केल्या सफरचंदाच्या मऊ मसालेदार कुकीज.

'कुकी' हा शब्द डच भाषेतून आला. त्याचा अर्थ 'छोटा केक'. डच लोक अमेरिकेत वसाहतीला गेले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला. १७९६ साली हार्टफर्ड शहरात छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाककृतींच्या पुस्तकातही कुकीज आहेत. पण त्यांतला मसाला पाहा! दालचिनी मूळची श्रीलंकेची आणि आपल्या दक्षिणेची, लवंग आणि जायफळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं. सफरचंद तिकडचं, पण सुगंध आपल्या बाजूचा. आज तर आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ पिकतं.

उलटा प्रवासही झाला. १८३३ साली मे महिन्यात बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोचलं. वाटेत थोडाथोडका नाही, शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक राहिला होता! तळ्यांतला हा गोठलेला बर्फ पुढे मुंबईलाही येऊ लागला आणि बर्फाबरोबर गारव्यात ठेवलेली सफरचंदंही. आणि हिमाचल प्रदेशातली लाल सफरचंदं? फिलाडेल्फियाहून भारतात येऊन कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून 'डेलिशस' जातीची रोपं आणून लावली आणि तिथल्या शेतकऱ्यांना ही बागायत शिकवली. पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले.

त्या दिवशी संध्याकाळी बहिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही कुकीज केल्या. तुम्हालाही करता येतील. मात्र ओव्हनजवळ आई-बाबांपैकी कुणीतरी हवंच.

साहित्य : मैदा २५० ग्रॅम, लोणी (मीठ नसलेलं) ११५ ग्रॅम, तपकिरी साखर किंवा गुळाची पावडर १५० ग्रॅम, एक अंडं, किसलेलं सफरचंद १ वाटी, दालचिनी पूड १ छोटा चमचा, जायफळ पाव चमचा, लवंगेची पूड चिमूटभर, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर. अंडं नको असेल, तर शिजवून घोटलेल्या सफरचंदाचा गर ३ मोठे चमचे घ्या.

कृती : लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेसा. त्यात अंडं किंवा गर घाला. मैदा, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र चाळून मिसळा. शेवटी सफरचंदाचा कीस घाला. पीठ पोळीसारखं लाटायचं नाही, ते भज्यांच्या पिठाहून घट्ट असतं. चमच्यानं ताटलीवर थोड्या थोड्या अंतरावर गोळे टाका. ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटं भाजा. कडा तांबूस आणि मध्य मऊ असतानाच बाहेर काढा. गार होताना त्या बेतशीर घट्ट होतात.

या कुकीज बिस्किटासारख्या कुरकुरीत का होत नाहीत? सफरचंदात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, तो पाणी धरून ठेवतो. तपकिरी साखरही ओलावा सोडत नाही. आणि सफरचंदाच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली, की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, त्यानं पीठ फुलतं. म्हणजे एका कुकीत विज्ञानाचा अख्खा तासच! ओलाव्यामुळे त्या फार दिवस मात्र टिकत नाहीत. दोन-तीन दिवसांत संपवा. (आमच्याकडे त्या रात्रीपर्यंतही उरल्या नाहीत.)

निघताना मालकीणबाईंनी आम्हाला बागेची सगळ्यात खालची रांग दाखवली. तिथे एका खांबावर तापमापक टांगलेला होता. फुलोऱ्याच्या दिवसांत त्या रात्री दोनदा उठतात, विजेरी घेऊन खाली येतात आणि आकडा वाचून जातात. आता पुढच्या खेपेला आईबरोबर बाजारात गेलात आणि एखाद्या सफरचंदावर तपकिरी पट्टा दिसला, तर ते लगेच बाजूला ठेवू नका. घरी आणा, किसा आणि चव घेऊन पाहा.