जंजिरा घेणे

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याविषयी निवृत्त न झालेल्या माणसांची मते फार ठाम असतात. माझ्या निरोप समारंभात तिघांनी मला अध्यात्म सुचवले, दोघांनी बागकाम सुचवले (मी तिसऱ्या मजल्यावर राहतो) आणि आमच्या साहेबांनी 'आता वाचन करा, वाचन!' असे टेबलावर हात आपटून सांगितले. साहेबांना स्वतःला मी फाइलीखेरीज काही वाचताना पाहिले नव्हते, आणि फाइलीतही सही कुठे करायची तेवढेच ते बघत. फोटोग्राफी मात्र कुणीच सुचवली नाही. ती आपली आपणच लागली. मधुमेह लागतो तशी. विशीपासून दबा धरून बसलेली आणि साठीत वर आलेली.

विशीत घरात वडिलांचा आगफा क्लिक थ्री होता. एका रोळात बारा फोटो. ते बारा फोटो गणपतीपासून शिमग्यापर्यंत पुरवायचे असत. 'सूर्य पाठीशी ठेवा आणि हलू नका' एवढेच त्या काळचे छायाचित्रणशास्त्र. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी सूर्य म्हणजे काढून घेणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य. त्यामुळे आमच्या घराण्यातली दोन पिढ्यांची माणसे अल्बममध्ये डोळे किलकिले करून बसलेली आहेत, आणि पूर्वजांना एकजात दृष्टिदोष होता अशी माझ्या नातवाची समजूत आहे. निसर्गदृश्याची तर बातच सोडा. ''डोंगराचा कसला फोटो काढतोस? तो काय पळून जातोय?'' असे म्हणून वडील डोंगरापुढे आत्याला उभी करत. आत्या तशी रुंद असल्यामुळे मग डोंगर उरत नसे.

साठाव्या वर्षी मुलाने कॅमेरा आणून दिला. त्याला बहुधा मी घरात कमी दिसावा असे वाटत असावे. उतारवयात असला उद्योग सुरू करणारा मी काही पहिला नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, लेक-जावयाने असाच कॅमेरा भेट दिला होता; एकटीला करमणूक म्हणून. बाईंनी कोळशाच्या कोठीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि फोटोग्राफीच्या इतिहासात जाऊन बसल्या. हे मी आमच्या हिला सांगितले. ती म्हणाली, ''त्यांच्या आडनावातच कॅमेरा होता. आणि आपल्याकडे खुराडं आहे, पण त्यात आपण राहतो.''

उलट आंरी कार्तिए-ब्रेसाँसारखा जगाने डोक्यावर घेतलेला छायाचित्रकार साठी उलटल्यावर कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवून पेन्सिलीने चित्रं काढत बसला. ते मी हिला सांगितलेले नाही.

आता तुम्ही विचाराल, मुरूडच का? माणसाने हिमालयात जावे, लडाखला जावे. जावे की! पण आमच्या गुडघ्यांचे आणि पेन्शनचे मिळून जे एकमत झाले ते मुरूडवर. अलिबाग, रेवदंडा, काशीद, नांदगाव करत एस.टी. जाते. २०२० पासून तर भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला नेणारी बोटही आहे. तरुण मंडळी काशीदला गाडीतून उड्या टाकतात, आणि मग गाडीत पेन्शनर, कोळणी आणि मी एवढेच मुरूडपर्यंत उरतो. गावात शिरण्याआधी टेकाडावर नवाबाचा राजवाडा लागतो. तो खाजगी असल्यामुळे त्याचा फोटो रस्त्यावरूनच काढायचा.

पण मुरूडला जाणारा खरा जातो तो जंजिऱ्यासाठी. मराठीत किल्ला 'घेतात' आणि फोटोही 'घेतात', हे या भाषेने आमच्यासारख्यांवर केलेले मोठे उपकार आहेत. जंजिरा घेणे ही साधी गोष्ट नाही. थोरल्या महाराजांना तो घेता आला नाही. त्यांनी समोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारून सिद्दीच्या उरावर दुसरी राजपुरी वसवायला काढली. संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला, तो मोगलांची फौज कल्याणकडे उतरल्यामुळे अर्ध्यावर राहिला. अखेर १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा कुठे जंजिरा आपल्यात आला. जिथे एवढे झाले तिथे मी गळ्यात पट्टा अडकवून जाणार!

लांबून बघाल तर जंजिरा म्हणजे पाण्यावर पालथी घातलेली काळी काहील. तट थेट पाण्यातून वर उठलेला, आणि दरवाजा असा लपवलेला की होडी अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसतच नाही. संरक्षणाच्या दृष्टीने उत्तम. फोटोच्या दृष्टीने मात्र एक लांबलचक भिंत. त्यातून राजपुरीच्या धक्क्यावरून तो पश्चिमेला पडतो. म्हणजे सकाळी ऊन त्याच्या तोंडावर, संध्याकाळी पाठीवर. सकाळी दगडन् दगड दिसतो, पण तेव्हा होड्यांना गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावे लागते. शिडाची होडी भरते तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते, आणि डोक्यावरच्या उन्हात जगातला कुठलाही किल्ला बांधकाम खात्याच्या गोदामासारखा दिसतो.

होडीवाले चाचा उतरवतानाच बजावतात, ''साहेब, पाऊण तास हां. टाइम झाला का होडी सुटंल.'' पाऊण तासात दरवाज्यावरचा हत्तींना पंजात दाबून धरणारा तो दगडी शार्दूल, भर खाऱ्या समुद्रातले गोड्या पाण्याचे तलाव, कलालबांगडी तोफ, एवढे सगळे. त्यात कलालबांगडीवर एक कुटुंब बसलेले असते. ते उठले की दुसरे बसते. कलालबांगडीचा माणसांविना फोटो जगात कुणाकडे असेल तर तो पाहायची माझी फार इच्छा आहे. तोफेच्या तोंडात डोके घालून 'बाबा, काढा' म्हणणारा मुलगा तर त्या तोफेबरोबरच ओतवून घेतला असावा.

होड्या पावसाळ्यात बंद. आकाशात खरे नाट्य असते तेव्हा समुद्र आत येऊ देत नाही, आणि समुद्र येऊ देतो तेव्हा आकाश रिकाम्या पाटीसारखे कोरे. सिद्दींची ही व्यवस्था अजून चालू आहे.

मुरूडला आम्ही एका वाडीत उतरतो. घरगुती सोय, पुढे रस्ता, मागे सुपारीची वाडी आणि वाडीच्या मागे समुद्र. वाडीच्या मालकांना सगळा गाव अण्णा म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. अण्णांचे फोटोग्राफीविषयीचे मत माझ्या वडिलांसारखेच. ''रोज दिसतं त्याचा कशाला फोटू? नाही दिसंल तेव्हा काढा.'' पण मला या विद्येतला सगळ्यात मोठा धडा दिला तो याच गृहस्थांनी.

समुद्रावरच्या सूर्यास्ताचा फोटो सूर्यामुळे होत नाही, वाळूमुळे होतो. ओहोटीने नुकती उघडी पडलेली वाळू आरशासारखी असते. वरचे आकाश खाली उतरते, आणि मधे पद्मदुर्ग तरंगत राहतो. भरती असली तर नुसता फेस. पण ओहोटी कधी? मी मुंबईहून मुलाकरवी तक्ते मागवले होते. अण्णा सुपारी कातरता कातरता म्हणाले, ''तिथी कंची आज?'' तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचे तास निघतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी बाराला भरती आणि सूर्य बुडायच्या सुमारास पूर्ण ओहोटी! कोळी लोकांचे हे पिढीजात गणित. तेव्हापासून मी मुरूडची तिकिटे कालनिर्णय बघून काढतो. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभा राहून मी बोटांवर पौर्णिमा मोजताना दिसल्यामुळे शेजारणीने हिला विचारले, ''काही व्रत धरलंय का हो त्यांनी?'' निरोप समारंभातल्या त्या तिघा वक्त्यांना हे कळले तर केवढे समाधान वाटेल.

मध्यंतरी, २०१९ साली, माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डावा अजून पिकायचा होता. त्या हिवाळ्यात मुरूडच्या किनाऱ्यावर बसलो आणि लक्षात आले की मला दोन समुद्र आहेत. डाव्या डोळ्याला आकाश जुन्या पत्रिकेच्या कागदासारखे पिवळट, उजव्याला नुकत्या नीळ घातलेल्या धोतरासारखे. मोतीबिंदूमुळे भिंग पिवळे पडते आणि निळा रंग गाळून टाकते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. पण मुरूडचा सोनेरी सूर्यास्त आणि माझा मोतीबिंदू यांची भागीदारी आहे हे सांगितले नव्हते. क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचे १९२३ साली असेच ऑपरेशन झाले, आणि नंतर त्याचीही रंगांविषयी कुरकुर सुरू झाली. मी एकेक डोळा मिटून खात्री करून घेत होतो. ''पुरे करा,'' ही दबक्या आवाजात म्हणाली. ''ती शहाळीवाली केव्हापासून बघतेय.''

कॅमेऱ्याला विचारावे, की बाबा, यातला खरा सूर्यास्त कुठला? तर तो उलट मलाच विचारतो: ऊन, ढगाळ की ट्यूबलाइट? तुम्ही म्हणाल तो.

मग आले २०२०. आधी टाळेबंदी, आणि ३ जूनला निसर्ग वादळ. ते याच किनाऱ्यावर चढले. टीव्हीवर उडणारे पत्रे दाखवत होते. आम्ही अण्णांना फोन लावत होतो तो लागत नव्हता. बऱ्याच दिवसांनी त्यांचाच आला. माणसं ठीक आहेत, म्हणाले. वाडीविषयी बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

पुढच्या जानेवारीत गेलो. पूर्वी त्यांच्या मागच्या पडवीतून समुद्र नुसता ऐकू यायचा; आता दिसत होता. सगळा. मधे काही नव्हतेच. सुपाऱ्या एका दिशेला आडव्या झाल्या होत्या, त्या तोडून, ओढून नेल्या होत्या. दोन माड कसे कोण जाणे उरले होते, आणि इतर मंडळी निघून गेल्यावर लग्नघरात उरलेल्या पाहुण्यांसारखे अवघडून उभे होते. आमच्याआधी येऊन गेलेल्या एका पाहुण्याने 'आता छान सी व्ह्यू मिळाला हो तुम्हाला' म्हणून अण्णांचे अभिनंदन केले होते. अण्णांनी ते हसत सांगितले. त्यांच्या घरात ते कुणी हसण्यावारी नेले नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर अण्णा म्हणाले, ''साहेब, तुमच्याकडं आमच्या वाडीचा एखादा फोटू असंल का?''

मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर जंजिरा अकराशे होता, पद्मदुर्ग चारशे होता, सूर्यास्तांची मोजदाद नव्हती. वाडी सहा. २०१८ मध्ये नवी लेन्स घेतली, तेव्हा ती सरळ रेघ सरळ दाखवते की वाकवते हे पाहायला दुपारी दोन वाजता पडवीतून सुपाऱ्यांची खोडे टिपली होती. रणरणते ऊन, पाण्याचा पाट, कोपऱ्यात पंप, दोरीवर एक लुगडे. एरवी मी असा फोटो कुणाला दाखवला नसता.

अण्णा चष्मा पुसून पुढे सरकले आणि पडद्यावर बोट ठेवून मोजू लागले. ''ही बापूंनी लावलेली. ही त्याच सालची. हिच्यावर मिरवेल होता. ही थोरलीच्या बारशाला लावली... हा माड वाकडा, ह्याच्यावरून गडी पडला होता.'' त्यांच्या पत्नी मागे उभ्या राहून चुका काढत होत्या. ती थोरलीची नव्हे, धाकटीची. बेचाळीस झाडे झाली आणि फोटो संपला. अण्णांचे बोट संपले नाही. ते पडद्याच्या कडेवरून खाली उतरले, टेबलावरून पुढे चालू लागले. ''हितं आणखी सात. हितं जायफळ. हितं विहीर.'' विहीर माझ्या पाण्याच्या पेल्यापाशी आली. ही उठून आत गेली.

मुंबईला परतल्यावर तो फोटो मोठा करून, जाड चौकटीत घालून पाठवला. तो त्यांच्या माजघरात आहे. शेजारपाजारचे येऊन आपल्या बाजूचे एखादे झाड कडेला आले आहे का ते बघून जातात. त्यापूर्वी मी अण्णांना भेट दिलेला जंजिरा, पहाटेचा, प्रदर्शनात लावण्याजोगा, ओटीवर विजेच्या मीटरपुढे लावलेला आहे. मीटर बरोबर झाकला जातो, आणि रीडिंग घ्यायला येणारा माणूस महिन्यातून एकदा जंजिरा सहज उचलून बाजूला ठेवतो.

वादळानंतर लावलेल्या रोपांपैकी काहींना आता फुलोरा धरला आहे. अण्णांचा फोन आला होता. ''या आता फोटू काढायला,'' म्हणाले. मी कालनिर्णयाकडे बघत म्हटले, ''पौर्णिमेला येतो, अण्णा.''

''पौर्णिमा नको नि सांज पण नको. दुपारचे दोनला या. तुमच्या त्या पिवळ्या उजेडात झाडं मोजता येत न्हाईत.''