आमचा पहिला हंगाम

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्या हातून जें घडलें, तें पालकसभेंत मुलांच्या संगणकी खेळांविषयीं तक्रार करणाऱ्या गृहस्थांच्या कानांवर जाऊं नये, अशी आमची फार इच्छा होती. परंतु आमचे चिरंजीव याच शाळेंत नववींत असल्यामुळें गुप्तता टिकणें शक्य नव्हतें. तेव्हां आपणच कबुली दिलेली बरी. आम्ही एका फुटबॉल क्लबाचे व्यवस्थापक झालों आहों. क्लब इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहराचा, आणि आमची कचेरी म्हणजे घरांतील जेवणाचें टेबल.

या खेळाचें नांव ‘फुटबॉल मॅनेजर’. त्यांत चेंडूला पाय लावावयाचा नसतो. खेळाडू घ्यावयाचे, अकरा जण निवडावयाचे, व्यूह ठरवावयाचा, आणि सामना सुरू झाला म्हणजे हात चोळीत पाहत राहावयाचें. चाळिशी ओलांडलेल्या व गुडघे दुखणाऱ्या शिक्षकाला याहून सोयीचा खेळ कोणता? १९८२ सालीं केव्हिन टॉम्स यानें याच नांवाचा एक खेळ काढला होता. आम्हीं ज्यापायीं रात्री जागविल्या त्याचा वंश मात्र पॉल व ऑलिव्हर कॉलियर या बंधूंच्या १९९२ सालच्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’पासून चालत आला आहे.

नॉट्स काउंटी हा क्लब आम्हीं निवडला तो इतिहासाच्या लोभानें. त्याची स्थापना १८६२ सालची. व्यावसायिक क्लबांत त्याच्याहून जुना दुसरा नाहीं. इटलीतील युव्हेंटसनें आपला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख १९०३ सालीं यांच्याकडूनच उचलला. असें हें जुनें घराणें २०१९ मध्यें फुटबॉल लीगच्या बाहेर फेंकलें गेलें आणि २०२३ मध्यें ‘लीग टू’ या चौथ्या श्रेणींत परत आलें. या श्रेणींत चोवीस संघ असून प्रत्येकाचे ४६ सामने होतात. पहिले तीन संघ सरळ वर चढतात, चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे चार आपसांत झुंजून त्यांतला एक वर जातो, आणि शेवटचे दोन खालीं घसरतात.

आम्हीं ४-२-३-१ हा व्यूह मांडला. बचावाला चौघे, त्यांच्यापुढें दोघे, मग तिघे, आणि टोंकाला एकटा. त्याला ‘गेगेनप्रेस’ची जोड दिली. युर्गेन क्लॉप यांनीं डॉर्टमुंड व लिव्हरपूल येथें गाजविलेली ही पद्धति अशी, कीं चेंडू गमावतांच मागें न पळतां तेथल्या तेथें प्रतिपक्ष्यावर तुटून पडावयाचें व तो परत हिसकावयाचा. संगणकाला ही आज्ञा एका बोटानें देतां येते. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां आमच्या यंत्रांतील पंचांगांत नोव्हेंबर चालला होता आणि आम्ही कोष्टकांत दुसरे होतों. घरांतील मंडळींनीं जेवणासाठीं टेबल रिकामें मागितलें असतां आम्हीं जें उत्तर दिलें, तें येथें लिहिण्यासारखें नाहीं.

या यशाची धुंदी घेऊन आम्ही शाळेच्या मैदानावर उतरलों. संघाची देखरेख आमच्याकडेच आहे. फळ्यावर बाण काढून मुलांना गेगेनप्रेस समजाविला. ऑगस्टांत आंतरशालेय सामना झाला. मैदानांत घोट्याइतका चिखल होता. पहिल्या अर्ध्यांत आम्ही एका गोलनें पुढें. विश्रांतीच्या वेळीं आमचा डावा बॅक गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, “सर, असें किती वेळ धांवायचें?” आम्ही म्हणालों, “शिट्टी होईपर्यंत.” दुसऱ्या अर्ध्यांत आमचीं मुलें पुढें धांवत गेलीं तीं परत येऊं शकलीं नाहींत, आणि मागच्या मोकळ्या जागेंतून चार गोल झाले. त्यांतले दोन डाव्या बाजूनें. पुढच्या सामन्यासाठीं आम्हीं त्या मुलाचें नांव यादींतून काढलें.

त्याच आठवड्यांत यंत्रांतही हिंवाळा आला. नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं सामना खेळण्याची इंग्लंडांत जुनी रीत आहे, आणि त्या पंधरवड्यांत सामन्यांची नुसती रांग लागते. आमचे धांवणारे वीर थकले, दोघे जायबंदी झाले, आणि आम्ही सहांपैकीं पांच सामने हरलों. संतापून आम्हीं एका वयस्क बचावपटूला वगळलें. दुसऱ्याच दिवशीं त्याची चिठ्ठी आली: आपण नाराज आहों, कारण सांगा. पाठोपाठ कप्तान आला. खोलींतल्या सर्वांचीं तोंडें उतरलीं असल्याचा अहवालही आला. आम्ही उत्तरासाठीं शब्द शोधीत बसलों असतां आठवलें, कीं आमच्या डाव्या बॅकनें कोणतीही चिठ्ठी पाठविली नव्हती. तो रोज सरावाला येत होता आणि बाहेर गेलेले चेंडू आणून देत होता.

या खेळांत प्रत्येक खेळाडूला वेग, पास, निर्धार अशा गुणांसाठीं एकपासून वीसपर्यंत आंकडे दिलेले असतात. प्रगतिपुस्तकें भरण्यांत हयात घालविलेल्या माणसाला हें फार आवडतें. पण सातत्य, मोठ्या सामन्यांतील धीर, दुखापतीचा संभव, असे कांहीं आंकडे व्यवस्थापकापासून लपविलेले असतात. यंत्र तयार करणाऱ्यांना जें सुचलें, तें आम्हांला प्रगतिपुस्तकावर सही करतांना एकदांही सुचलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलाला बोलावून चूक आमची होती असें सांगितलें. तो इतका गोंधळला कीं आम्हांलाच अवघडल्यासारखें झालें. मग त्यानें विचारल्यावरून सांगितलें, “सर, आपण मागें थांबूं या. त्यांना येऊं द्या. चिखलांत तेच दमतील.” त्याप्रमाणें चौघे मागें, चौघे मध्यें, दोघे पुढें अशी जुनी ४-४-२ मांडणी केली. पुढला सामना गोलशून्य बरोबरींत सुटला. गेल्या खेपेस चार गोल खाल्लेल्या मुलांनीं तो विजयासारखा साजरा केला.

यंत्रांतही आम्हीं तीच मांडणी नेली, वयस्क खेळाडूला परत घेतलें, आणि कसेबसे सातवे आलों. उपांत्य फेरींत पेनल्टींवर हरलों. जुनी नोंद उघडून सामना पुन्हां खेळतां येतो, असें चिरंजीवांनीं हळूच सुचविलें. आम्हीं यंत्र बंद करून टेबल मंडळींच्या स्वाधीन केलें.

परवां सरावाच्या वेळीं डाव्या बॅकला या आंकड्यांची बातमी लागलेली दिसली. कोणाकडून, हें सांगावयास नकोच. “सर, तुमच्या यंत्रांत मी असतों तर वेगाला किती दिले असते?”

“नऊ,” आम्ही खरें तें बोललों.

“नऊच?” म्हणून तो हिरमुसला, आणि गोलकीपरला दोन पावलें मागें सरकावयास सांगण्यासाठीं मैदानांत निघून गेला.