पोचे

भांड्याला पोचा पडतो, असें आपण म्हणतों. तो कोणी पाडला, हें त्या वाक्यांत कोठेंच येत नाहीं. तांब्या हातून निसटला काय किंवा कोणीं रागानें आपटला काय, व्याकरण दोघांनाही सारखेंच निर्दोष सोडतें. मागें उरतो तो नुसता खळगा, आणि रोज पाणी पितांना त्यावरून नकळत फिरणारें बोट.

आमच्या राहात्याच्या घरीं असे पुष्कळ पोचे दहा वर्षांहून अधिक काळ नांदत होते. भांड्यांवर नव्हेत, मोटारीच्या टपावर. मोटार म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटच्या बनावटीच्या गाड्या तयार होत. त्यांतल्याच एका गाडीला १९७४ मध्यें ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. मुंबईंत तिची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची धांवली. आमची पद्मिनी कैक वर्षें पेरूच्या बागेच्या कडेला उभी असे, आणि हंगामांत तिच्या टपावर फळांच्या पाट्या चढत.

२०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रांत जागोजाग गारपीट झाली. आमचा नगर जिल्हाही (आतां त्याला अहिल्यानगर म्हणतात) तींतून सुटला नाहीं. गारा थांबल्या तेव्हां आमच्या झाडांच्या साली सोलून निघाल्या होत्या आणि खालीं पानाफळांचा चिखल झाला होता. वर्षाच्या आंत आण्णांनीं बाग काढून टाकली. त्याविषयीं ते कधीं बोलले नाहींत, आणि आम्हींही विचारलें नाहीं. मोटार मात्र त्यांनीं जाड ताडपत्रीखालीं झांकली, आणि टपाला कोणालाही हात लावूं दिला नाहीं.

गेल्या दिवाळींत त्यांनीं आपण होऊन ताडपत्री ओढली. “टप सरळ करतां येईल का रे?” त्यांनीं विचारलें; आणि मी उत्तर देण्यापूर्वींच म्हणाले, “लांबी भरून नको. वरून गुळगुळीत दिसतें, खालीं खड्डा तसाच राहतो.”

पोचा काढणें म्हणजे खालून ठोकणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नव्हे. कारखान्यांत साच्याखालीं दाबून पत्र्याला एकदां बांक दिला, कीं त्या बांकाकडे परतण्याची ओढ त्याच्यांत राहते. गार आदळते तेव्हां खळग्याभोंवतीं एक बारीकशी उंच कड उठते, आणि तीच खळग्याला धरून ठेवते. म्हणून काम कडेपासून सुरू करावयाचें. छताचें आंतलें अस्तर उतरवून खळग्याखालीं लोखंडाचा घोटीव ठोकळा दाबून धरावा, आणि वरून कडेवर लाकडी मोगरीचे हलके ठोके देत गोल फिरत मध्याकडे यावें. कड बसली, कीं खळगा निम्मा आपोआपच वर येतो.

केस वाळविण्याच्या यंत्रानें पत्रा तापवून त्यावर बर्फ धरला म्हणजे पोचा उसळतो, असा एक सोपा उपाय हल्लीं जो तो सांगतो. पण एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा शंभर अंशांनीं तापला तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढतो. तेवढ्यानें अडलेली कड सहसा सुटत नाहीं.

याहून मोठा धोका उत्साहाचा. पुण्याच्या कसब्यांतल्या तांबट आळींत ज्यांनीं मठारकाम पाहिलें असेल, त्यांना तो लगेच कळेल. तांबट भांड्यावर ओळीनें बारीक ठोके देत जातो. त्यांनीं तांबें चमकतें तसें कठीणही होतें. तांबटाला हवा असलेला हाच गुण पोचा काढणाराच्या आड येतो. प्रत्येक जादा ठोक्यानें पत्रा थोडा ताठरतो आणि थोडा पसरतो. पसरलेला पत्रा आपल्या जागेंत मावत नाहीं. तो तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टकटक वाजूं लागतो. मग पोचा परवडला असें वाटतें.

पत्र्याला दोन बाजू असल्यामुळें हें काम एकट्याचें नव्हे. मी आंत आसनावर उताणा पडून ठोकळा धरीत असें. आण्णा बाहेर स्टुलावर उभे राहून तळव्याखालीं मलमलीचा तुकडा घेत आणि टपावरून हात फिरवीत. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा मलमलीखालीं बोटांना लागतो. “जरा डावीकडे,” ते सांगत. “आतां पुरे.” मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्यांना माझा दिसत नव्हता.

पहिल्या दिवशीं मी खडूनें खुणा करीत पोचे मोजूं लागलों, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “एकतीस आहेत.”

ताडपत्रीखालीं काय आहे तें आण्णांना पाहवत नाहीं, असें आम्ही इतकीं वर्षें धरून चाललों होतों. त्यांनीं तर एक एक मोजला होता! त्यानंतर पत्र्यापलीकडून त्यांचा आवाज येऊं लागला. आधीं गारांविषयीं नव्हे. कलमें कोणीं दिलीं, विहिरीकडच्या ओळीला फळ गोड कां येई, पाट्या टपावर बांधतांना आई किती रागावे, असें कडेकडेचें. बाग तोडण्याचा दिवस आठव्या कीं नवव्या संध्याकाळीं आला. मी ठोकळा धरून तसाच पडून राहिलों. मध्यें एक शब्दही बोललों नाहीं.

पन्हळीजवळचा एक पोचा राहिला. तेथें पत्रा दुमडलेला असून आंतून हात पोंचत नाहीं; बाहेरून ओढूं जावें तर रंग फुटतो.

“एक उरला,” मी म्हणालों.

“तीस गेले,” आण्णा म्हणाले. आणि मोगरी जागेवर ठेवून पाय धुवावयास गेले.