सुतापर्यंत

कबनूरच्या मागावरचं कोरं पांढरं कापड कॅमेऱ्याच्या पडद्यावर जांभळं-हिरवं लहरू लागलं. हात जरा हलला की लाटाही सरकत. कापडात रंगाचा थेंब नव्हता. ताण्या-बाण्याची वीण आणि सेन्सरवरच्या ठिपक्यांची वीण, दोन्ही जवळपास सारख्याच बारीक. एक दुसरीवर किंचित तिरकी पडली की अशा लाटा उठतात. मॉइरे पॅटर्न म्हणतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट मिळवलेली सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांची मांडणी, हिरवा बाकीच्यांच्या दुप्पट, हीसुद्धा चौकडीच की! लाटा दिसू नयेत म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे चित्र हलकंसं पुसट करणारी काच असते. मला ती काच नसलेला कॅमेरा आवडतो. सूत सुतासारखं दिसावं. लाटा आल्या तर येऊ देत.

सूत जवळून बघण्याची या भागाला सवय आहे. शेजारी इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली यंत्रमाग आणला, आणि आता कबनूरच्या गल्ल्यांतही तोच खडखडाट. इथल्या माणसाच्या खिशात घडीचं भिंग सापडतं. ते ताक्यावर टेकवायचं, डोळा लावायचा आणि इंचातले धागे मोजायचे.

चालू मागावर मात्र कॅमेरा एवढा जवळ नेता येत नाही. धोटा सणसणत असतो, लेन्सची सावली नेमकी सुतावर पडते, आणि अगदी जवळून एक धागा स्पष्ट आला की शेजारचा धूसर होतो. तेव्हा मागं सरायचं आणि लांब पल्ल्याची लेन्स लावायची.

सिनेमात दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी हेच केलं होतं. कोल्हापुरात १९२९ साली उभी राहिलेली त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’ आला. हिंदी आवृत्तीत बळीची प्रथा टिकवू पाहणारा राजगुरू म्हणजे चंद्रमोहन. टेलिफोटो लेन्सनं त्याचा एक डोळा पडदाभर केला. नाटकात मागच्या रांगेतल्याला नटाचा डोळा कुठला दिसायला? इथं स्वस्तातल्या तिकिटावर बसलेल्यालाही त्या डोळ्यातली आज्ञा वाचता आली. फिकट, न लवणारा डोळा. त्यात क्रौर्य आहे आणि स्वतःच्या धर्मावरची अढळ श्रद्धाही. एवढं मोठं चित्र असल्याशिवाय त्या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या नसत्या. पुढं ‘पुकार’मध्ये तो जहांगीर झाला. दरबार देखणा, नसीम बानूही देखणी, पण मी चंद्रमोहनचे डोळेच बघत बसतो.