दिसणारं रक्त, न दिसणारी गुठळी

अब्बांचं वय ७४. तीन वर्षांपासून ते वॉरफेरिन घेतात. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. घरात मात्र एकच नाव, 'रक्त पातळ करायची गोळी'. खरं तर गोळी रक्त पातळ करत नाही, गुठळी धरण्याची क्रिया मंद करते. पण नावामुळे साऱ्या खानदानाला वाटतं की अब्बांचं रक्त पाणी झालंय.

मागच्या वर्षी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. खाला म्हणाल्या, "गोळी बंद करा, शिफा देणारा अल्लाह आहे." मामूंनी हिजामा सुचवला. त्यांचं घाबरणं मला समजतं. बेसिनमधलं रक्त सगळ्यांना दिसतं. हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून झालेली गुठळी मेंदूकडे निघाली, तर ती कोणालाच दिसत नाही. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो आणि वॉरफेरिन नीट घेतलं तर तो साधारण दोन-तृतीयांशाने कमी होतो.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून हिशेब मांडला. 'हॅस-ब्लेड' नावाची ही मोजणी २०१० पासून वापरात आहे. एकूण गुण ९. रक्तदाबाचा वरचा आकडा १६० च्या पुढे, किडनी बिघडलेली, लिव्हर बिघडलेलं, आधी पक्षाघात, आधी मोठा रक्तस्राव, आयएनआर सतत वरखाली, वय ६५ च्या पुढे, रक्तस्राव वाढवणारी औषधं आणि दारू. प्रत्येकाचा एक गुण. हिरड्यांचं थोडं रक्त यात मोठा रक्तस्राव म्हणून धरत नाहीत.

अब्बांचे गुण तीन भरले. वय, १६८ चा रक्तदाब आणि औषधं. दारू आपल्याकडे नाही म्हणून आपण सुटलो, असं कोणी समजू नये. त्याच अक्षराखाली पेनकिलर आहेत, अ‍ॅस्पिरिनही आहे. नमाजला गुडघे दुखतात म्हणून अब्बा मेडिकलमधून आणलेली गोळी रोज घेत होते. आपल्या मोहल्ल्यात किती बुजुर्ग घेतात, आठवून पाहा.

तीन किंवा त्याहून जास्त म्हणजे जोखीम मोठी. खाला लगेच म्हणाल्या, "बघा, मी सांगत होते." डॉक्टर म्हणाले, "हा आकडा गोळी बंद करायला नाही. काय दुरुस्त करता येईल ते शोधायला आहे." पेनकिलर थांबली, गुडघ्यांसाठी दुसरा इलाज सुरू झाला, रक्तदाबाची औषधं बदलली. तीनाचा एक झाला. उरला तो वयाचा, त्याला इलाज नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. वाढलेलं वय, रक्तदाब, आधीचा पक्षाघात या गोष्टी रक्तस्रावाचा धोका वाढवतात, तशा गुठळीचाही वाढवतात. म्हणजे ज्याच्यासाठी आपण गोळीला जास्त घाबरतो, बहुतेक वेळा त्यालाच तिची जास्त गरज असते.

हिजामात कातडीवर चिरा देतात. अशी गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता तो करणं धोक्याचं आहे. रमजानचंही तसंच. वॉरफेरिन दिवसातून एकदाच असतं, इफ्तारनंतर घेता येतं. नव्या गोळ्यांपैकी काही दोनदा घ्याव्या लागतात. दिवसभर पाणी नाही, त्यात किडनी कमजोर, तर हिशेब बदलतो. म्हणून चांद दिसायच्या आधीच डॉक्टरांकडे जावं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात ईमान कमी होत नाही.

काळी शौच, न थांबणारं रक्त, अचानक जोराची डोकेदुखी, डोक्याला मार लागणं, मग जखम दिसो वा न दिसो, यांपैकी काहीही झालं तर थेट दवाखाना गाठावा. बाकी वेळी गोळीबद्दल शंका आली, तर ती खालांना नाही, डॉक्टरांना विचारावी. शिफा अल्लाहच देतो, पण गुण मोजायचं आणि दुरुस्त करायचं काम त्याने आपल्यावर सोपवलंय.