भागीचे घोडे

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आलेली आहे. चौघांनी मिळून घोडे घ्यावे, बसावयास चौघांनीही पुढे व्हावे, आणि त्याच्या पाठीवरील जखमेकडे मात्र एकानेही पाहू नये, हा अनुभव फार सार्वत्रिक असला पाहिजे. त्याशिवाय त्याची म्हण झाली नसती. अशी म्हण पाठ असलेल्या घरात वाढलेल्या मनुष्याने उतारवयात एका सहकारी संस्थेचे भाग विकत घ्यावेत, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमच्या घरीही ते वाटले. म्हणून त्यामागील विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचे बालाघाट हे वैनगंगेच्या काठचे गाव. १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत भंडारा-गोंदियाकडील मुलूख मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. येथील मराठी घरांतील मुले शिकली की नागपूरची किंवा पुण्याची वाट धरतात, आणि मागे राहिलेली वडीलमाणसे सणावारी त्यांची वाट पाहतात. माझी पुतणी मात्र आईच्या आजारपणामुळे परत आली. पुण्याच्या एका कचेरीचे काम ती येथे बसून संगणकावर करते. त्या कामास अखंड वीज हवी, शांतता हवी. घरात दोन्ही दुर्मीळ. तिने एका खासगी जागेत टेबल भाड्याने घेतले. पाच महिन्यांनी मालकाने तेथे दुकान थाटावयाचे ठरविले आणि सर्वांस उठविले. मालकाचा दोष नव्हता. जागा त्याची होती. परंतु ज्याच्या पोटापाण्याचे साधन दुसऱ्याच्या एका निर्णयावर अवलंबून आहे, त्याचा पाय गावात कसा टिकावा?

उठविल्या गेलेल्या मंडळींनीच पुढे एक लहान सहकारी संस्था उभी केली. दीर्घ मुदतीच्या करारावर एक दिवाणखाना घेतला, टेबले मांडली. अशा जागेस हल्ली ‘को-वर्किंग’ म्हणतात. पुतणी सभासद झाली, आणि भाषांतराच्या कामासाठी मलाही टेबल हवे असल्याने तिच्यामागून मीही झालो. अर्ज अर्थात हिंदीत होता. आपण ज्यास ‘भाग’ म्हणतो त्यास तेथे ‘अंश’ म्हटले होते. हा शब्द मला आवडला. भाग तोडून वेगळा करता येतो. अंश म्हटला की पूर्णाची आठवण राहते.

कंपनीचा भाग आणि सहकारी संस्थेचा भाग यांत मोठे अंतर आहे. कंपनीत ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक. येथे एक भाग असो वा पन्नास, मत एकच. कंपनीच्या भागाचा भाव बाजारात चढतो-उतरतो. येथे सभासद बाहेर पडला तर सामान्यतः दर्शनी किंमतच हाती येते. लाभांशासही मर्यादा असते. आमच्या शेजारच्या महाराष्ट्रात १९६० च्या कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो आणि लाभांश शेकडा पंधरापलीकडे देता येत नाही. सारांश, श्रीमंत होण्यासाठी येथे कोणी येऊ नये. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथे २८ विणकर व इतर कारागिरांनी प्रत्येकी एक पौंड घालून दुकान काढले, त्या वेळेपासून सहकाराची घडण बहुतांशी अशीच आहे. आमच्या जिल्ह्यातील वारासिवनी हातमागासाठी प्रसिद्ध असल्याने, या चळवळीच्या मुळाशी विणकर होते हे वाचून मला विशेष आपुलकी वाटली.

आपल्या समाजास ही कल्पना परकी नाही. गोव्याच्या गावकरीत जमीन साऱ्या गावकऱ्यांची असे. १५२६ च्या पोर्तुगीज सनदेतही ही पद्धती नोंदली गेली. परंतु गावकराचा हक्क जन्माने येई, जसा देवळाच्या महाजनाचा येतो. पुढे मुंबईस श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली, आणि १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिची योजना अशी की इमारती संस्थेच्या आणि सभासद त्यांत भाडेकरू. म्हणजे प्रत्येक जण एकटा असता भाडेकरू, आणि सर्व मिळून मालक! आमच्या दिवाणखान्याचे तत्त्व याहून निराळे नाही. इमारत आमची नसली तरी टेबलावरून उठविण्याचा अधिकार आता आमच्याच सभेकडे आहे.

मात्र एक भेद आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. त्या संस्था आरंभी ज्ञातीच्या विश्वासावर उभ्या होत्या. कर्ज मागणाऱ्याचा आजा कोण, हे देणाऱ्यास ठाऊक असे. बालाघाटात आपली घरे किती? आमच्या यादीत पोवार आहेत, कोष्टी आहेत, एक मुसलमान वकील आहेत, बैहरकडून आलेली एक गोंड तरुणी आहे. येथे नात्याचा विश्वास आणावयाचा कोठून? तो पोटनियमांतून, दरवर्षीच्या हिशेबतपासणीतून आणि सर्वसाधारण सभेतून हळूहळू उभा करावा लागतो.

त्याची परीक्षा पहिल्याच वर्षी झाली. वर्षअखेर थोडी शिल्लक पडली. काहींचे म्हणणे, लाभांश वाटावा. काहींचे, तो यंदा घेऊ नये आणि ज्यांना भागाची रक्कम एकदम भरता येत नाही अशा नव्या मुलांस ती हप्त्यांनी भरण्याची सवलत द्यावी. पहिला पक्षही चुकीचा नव्हता; आपल्या कष्टाच्या पैशावर चार रुपये मागणे हा काही लोभ नव्हे. वाद बराच झाला. वकीलसाहेबांनी दोन्ही बाजूंचे आकडे फळ्यावर मांडले. अखेरीस थोड्या मतांनी दुसरा ठराव संमत झाला, आणि विरोधात मत दिलेल्या गृहस्थांनीच हप्त्यांचे कोष्टक करून दिले. त्या दिवशी पुतणी मला म्हणाली, “काका, मालक झाल्यासारखं आज वाटलं.” मीही तेच अनुभवीत होतो.

मग घोड्याचे काय? ती म्हण खोटी नाही. झाडूची पाळी अजूनही चुकते, पंखे चालू राहतात, आणि सभेची सूचना पुष्कळ जण वाचीत नाहीत. भागाची पावती हाती आली म्हणजे मालकी संपूर्ण झाली, असे आपण समजतो. वस्तुतः तेथून ती सुरू होते. भाडेकरूस तक्रार करता येते, सभासदास उठून कामाला लागावे लागते. घोडे चौघांच्या मालकीमुळे मरत नाही. पाठीवर हात फिरविण्याची पाळी कोणाची, हे चौघांनी ठरविलेले नसते म्हणून मरते.

आज आपली कुटुंबे अशा पुष्कळ गावी विखुरलेली आहेत की जेथे देऊळ दूर आहे आणि ज्ञातीचे कोणी आठवड्यातून एकदाही भेटत नाही. तेथे आपल्या वाडवडिलांचा सहकार टिकवावयाचा तर शेजाऱ्यासच सभासद करून घ्यावे लागेल, आणि आपणही त्याचे सभासद व्हावे लागेल.